काडी सगळ्यात शेवटी

पत्र

आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा दहाचा. गेल्या आठवड्यात मुलगा सोसायटीतल्या दोन मित्रांबरोबर गच्चीवर सापडला. कुंड्यांमधली वाळकी पानं, वर्तमानपत्र आणि सॅनिटायझरची जुनी बाटली घेऊन त्यांचा उद्योग चालला होता. कुणाला काही झालं नाही, पण सेक्रेटरी घरी येऊन बरंच ऐकवून गेले. तेव्हापासून घरात तट पडलेत. ह्यांचं म्हणणं, रागावण्यापेक्षा रीतसर शिकवू, ट्रेकला उपयोगी पडेल. ऑनलाइन चकमकीचा सेटसुद्धा बघून ठेवलाय. सासूबाई म्हणतात, आगीशी खेळ नको, आणि मुलीला तर मुळीच नको. पोरीच्या जातीला डाग पडला तर? मुलगी विचारते, मलाच का नको? मला स्वतःला काडी ओढायची भीती वाटते, मी गॅसही लायटरनेच पेटवते. शिकवावं का? कोणी, कुठे, कशापासून? निफाडजवळ सासरचं शेत आहे, आणि सुट्टीत आम्ही अंजनेरी, ब्रह्मगिरीकडे जातो.
— एक आई, नाशिक

उत्तर

ताई,

शिकवा. दोघांनाही शिकवा. पण त्याआधी आजच्या आज घरातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, आणि का ते मुलाला समोर बसवून सांगा. तुमच्या पत्रात मला काडेपेटीची भीती वाटली नाही, त्या बाटलीची वाटली. तिच्यात निम्म्याहून जास्त अल्कोहोल असतं. त्याची ज्योत फिकट निळी, गच्चीवरच्या उन्हात जवळजवळ दिसतच नाही. मुलांना वाटतं विझलं, म्हणून ती बाटली पुन्हा दाबतात. मग वाफ पेट घेते आणि जाळ धारेवरून उलटा बाटलीच्या तोंडाशी येतो. बाटली तेव्हा हातातच असते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचंही हेच. पेटत्या किंवा नुकत्या विझलेल्या आगीवर बाटलीतलं काहीही ओतायचं नाही, एवढा एकच नियम या आठवड्यात पक्का करून घ्या.

गच्चीवरचे डाग त्याने स्वतः घासून काढावेत आणि सेक्रेटरींकडे एकट्याने जाऊन माफी मागावी. शिक्षा तेवढी पुरे. दहा वर्षांच्या मुलाला आगीचं कुतूहल वाटणं हे काही बिघडल्याचं लक्षण नाही. मित्रांना जमवून पानं जाळणारं मूल आणि राग आला की एकट्याने दुसऱ्याची वस्तू जाळणारं मूल यांत फरक आहे. दुसरा प्रकार दिसला, किंवा समजावून, शिकवूनही चोरून पेटवणं चालूच राहिलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. त्यात दिसतं ते एवढंच, की काडी लपवून ठेवलेली आहे आणि ज्ञान कुणी दिलेलं नाही. घात होतो तो अशाच लपवाछपवीत.

आता सासूबाई. त्यांच्या विरोधाचं मला नवल वाटत नाही. ज्या पिढीने चूल आणि वातीचा स्टोव्ह दोन्ही वापरले, त्या पिढीने भाजलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. ‘तुमचे विचार जुने’ म्हणून त्यांना गप्प करू नका, कारण तुमच्या घरात आग हाताळलेलं माणूस त्या एकट्याच आहेत. त्यांना शिकवायला सांगा. लहानपणी रात्री चुलीतला विस्तव कसा राखून ठेवायच्या, एवढं मुलांसमोर विचारून बघा. जाडसर निखारा किंवा अर्धवट जळलेली गोवरी राखेत झाकायची. सकाळी राख बाजूला सारून वर काटक्या आणि भुसा ठेवून फुंकलं की जाळ. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवा अगदी बेताची आत येऊ देते, म्हणून निखारा मरतही नाही आणि जळून संपतही नाही. ज्वलनाचा अख्खा धडा त्या राखेत आहे, आणि वरून थंड दिसणाऱ्या राखेवर भरवसा का ठेवायचा नाही, हेही त्यातच आलं.

पोरीला डाग पडेल, या म्हणण्याला मात्र नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. डाग मुलाच्या हातावरही पडतो. आणि जन्मभर ओट्यापाशी मुलीनेच उभं राहायचं असं गृहीत धरणाऱ्या घरांतच तिला आग शिकवू नका म्हणतात, हे मोठं गमतीचं आहे.

सुरुवात स्वयंपाकघरात करा, आणि सुरुवातीला काडी तुम्ही ओढा. भीती वाटते म्हणता, म्हणून कृती नीट सांगते. आधी पेटी बंद करायची, मग ओढायची. उघड्या पेटीत ठिणगी पडली तर सगळ्या काड्या एकदम भडकतात. ओढ अंगाकडे नाही, अंगापासून बाहेर. पेटली की काडी आडवी धरायची, गुल किंचित खाली. गुल फार खाली गेला तर जाळ काडीवरून भराभर बोटांकडे चढतो, वर केला तर विझतो. हा चढउतार हाताला कळला की भीती निम्मी जाते. विझलेली काडी पाण्याच्या वाटीत टाकायची, डस्टबिनमध्ये नाही. मुलगा विचारेलच, भिंतीवर घासून का पेटत नाही? कारण लाल फॉस्फरस काडीत नसतो, पेटीच्या कडेच्या पट्टीत असतो. गुलात असतं पोटॅशियम क्लोरेट. दोघांची गाठ पडल्याशिवाय पेट नाही.

पहिले धडे मेणबत्तीवर. स्टीलच्या थाळीत थोडं पाणी, मधे मेणबत्ती, केस बांधलेले, ओढणी नाही, खिडकी उघडी पण पंखा बंद. ज्योत फुंकून विझवा. वातीवरून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. पेटती काडी त्या धुरात धरा, वातीपासून बोटभर वर. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येते. मुलं हे पुन्हा पुन्हा करायला लावतात, करू द्या. तो धूर म्हणजे मेणाची वाफ, आणि जळते ती वाफच. घट्ट मेण नव्हे. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. विषय सहा दिवस पुरतो.

मग मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घाला. ज्योत मंदावते, विझते, पाणी ग्लासात चढतं. इथे बरेच शिक्षक सांगतात की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के म्हणून पाणीही तेवढंच चढलं. हे खरं नाही. ऑक्सिजन साधारण सोळा टक्क्यांवर उतरला की मेणबत्ती विझते, तो पूर्ण संपत नाही. पाणी चढतं ते मुख्यतः ग्लासातली तापलेली हवा थंड होऊन आकसल्यामुळे. म्हणून तर ज्योत विझल्यावर ते एकदम वर सरकतं. मुलीला नीट बघायला सांगा, तिचं तिलाच दिसेल. शाळेत बाईंशी वाद घातलान तर घालू दे.

हे झालं की लाकूड. लाकडाचंही मेणासारखंच आहे. तापून दोनशे-तीनशे अंशांवर गेलं की त्यातून वायू निघतात, जाळ त्या वायूंचा. मागे उरतो तो कोळसा, आणि तो ज्योतीशिवाय नुसता धगधगतो. लाकूड ओलं असेल तर आधी पाणी जावं लागतं, आणि पाणी फार महाग पडतं: हिवाळ्यातलं गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सहापट ते उकळून वाफ व्हायला लागते. तोवर लाकूड शंभर अंशांच्या पुढे जातच नाही, नुसतं धुपतं. डोळ्यांत पाणी आणणारा धूर तो हाच.

आता पेटवायच्या आधीचं काम, ज्यात मुलांचा एक पूर्ण दिवस जायला हवा: सरपण गोळा करणं आणि लावणं. निफाडच्या शेतावर यासाठी सोनं पडलेलं असतं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या बांधावर वाळत पडलेल्या असतात, काडेपेटीच्या काडीपासून अंगठ्यापर्यंत सगळ्या जाडीच्या. चार ढीग करायला लावा: नारळाची शेंडी पिंजून तिचा भुसभुशीत गोळा, मग काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या ढलप्या. प्रत्येक काडी मोडून बघायची. कट् वाजून तुटली तर वाळलेली, वाकली तर बाजूला. बारीक आधी का पेटतं हे या ढिगांवर समजतं: तेवढ्याच लाकडाच्या बारीक काटक्या केल्या की हवेला लागणारी बाजू कितीतरी वाढते आणि तापवायला आत फारसं काही उरत नाही. मुलं काटक्यांचा ढीग नेहमी कमी करतात. ते म्हणतील झाला, तेव्हा तेवढाच आणखी करायला सांगा. एक सूचना: या काड्यांवर वर्षभर फवारण्या झालेल्या असतात. त्या शिकायला ठीक, पण त्यावर वांगं किंवा कणीस भाजू नका. खाण्यासाठी बाभळीचं किंवा आंब्याचं लाकूड वेगळं ठेवा. आणि वारा धूर नेईल त्या बाजूला कुणी बसू नका.

जागा: पीक काढलेलं मोकळं रान, गवत आणि पाचट साफ केलेलं, कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब. वेळ: सकाळची, वारा पडलेला असताना. चूल तीन दगडांचीच, पण दगड शेतातले कोरडे घ्या. गोदावरीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे मुलांना फार आवडतात, ते चुलीला वापरू नका. आपल्याकडचा काळा दगड बऱ्याच वेळा सच्छिद्र असतो, पोटात पाणी धरतो. त्या पाण्याची वाफ झाली की जागा हजारपटीहून जास्त लागते, आणि वाट मिळाली नाही तर दगड फुटतो. अंगात सुती कपडे. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पाण्याची बादली, भिजवलेलं गोणपाट आणि मातीची पाटी, हे तिन्ही जागेवर आल्याशिवाय काडेपेटी खिशातून बाहेर काढायची नाही. आणून ठेवायचं काम मुलांचं.

पहिली आग तुम्ही पेटवा आणि मुलांना ती विझवायला लावा. उलटा क्रम वाटेल, पण माझा आग्रह आहे. पाणी एकदम न फेकता कडेने, वाफ तोंडावर येणार नाही असं. मग काठीने राख ढवळायची, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळायचं. शेवटी हाताची उलटी बाजू राखेच्या वर धरून बघायची. झळ लागली तर काम संपलेलं नाही. हे न सांगता करणाऱ्या मुलाला पुढच्या वेळी काडी द्यायची. दहा वर्षं, तेरा वर्षं हे आकडे मी फारसे मोजत नाही. ‘थांब’ म्हटल्यावर हात तिथल्या तिथे थांबतो का, हे बघते.

फुंकणी मात्र दोघांना पहिल्याच दिवशी द्या. ज्योतीवर नाही, निखाऱ्याच्या मुळाशी फुंकायचं. श्वास घेताना तोंड फुंकणीवरून बाजूला. मग मुलीला एक कोडं घाला. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन सोळा-सतरा टक्केच असतो, म्हणजे मेणबत्ती विझते त्याच्या आसपास. मग आपल्या फुंकरीने निखारा उजळतो कसा? लगेच उत्तर देऊ नका. (फुंकणीतून निघालेला झोत आजूबाजूची ताजी हवा बरोबर ओढून नेतो, जळून तयार झालेले वायू आणि राख बाजूला सारतो, आणि धगधगत्या कोळशाला ज्योतीपेक्षा कमी ऑक्सिजनवर भागवता येतं.)

थंडीत गेलात तर रात्री मुक्काम करा. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की बागाईतदार रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या करतात, हे मुलांनी बघावं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली ऊब वर सोडून देते, गार हवा खाली साचते आणि ऊबदार हवा तिच्या वर तरंगते. म्हणून एक मोठी होळी करत नाहीत, ठिकठिकाणी लहान शेकोट्या करतात. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. लहान शेकोट्यांची वेलींच्या उंचीवर फिरते. आग म्हणजे भडका नव्हे, हे पोरांना शंभरदा सांगण्यापेक्षा ती बाग एकदा दाखवा.

ट्रेकबद्दल तुमच्या ह्यांना माझा निरोप द्या: अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरवर आग नाही. शिकवण्यासाठी नाही, चहासाठीही नाही. राखीव जंगलात धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. आणि कायदा सोडला तरी, फेब्रुवारीपासून पावसापर्यंत ते डोंगर म्हणजे वाळल्या गवताची गंजी. उतारावर वणवा वरच्या बाजूला जास्त वेगाने धावतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून त्याला आधीच तापवतात. म्हणून वणवा खाली दिसला तर डोंगर चढून पळायचं नाही; आडवं, जळून गेलेल्या किंवा उघड्या कातळाच्या बाजूला जायचं. वन विभागाचा १९२६ आणि अग्निशमनचा १०१, हे दोन्ही क्रमांक मुलांना पाठ हवेत. डोंगरावर न्यायची तयारी एवढीच.

भाजलं तर: लगेच वाहतं पाणी, साधं नळाचं, वीस मिनिटं. दोन नाही, वीस. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद, तूप, शाई काहीही नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं. कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही. नंतर स्वच्छ कापड सैल झाकायचं. तोंड, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा भाजलेली जागा मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, तर सरळ दवाखाना. कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही. थांबायचं, आडवं व्हायचं, तोंड हातांनी झाकून लोळायचं. हे घरातल्या सतरंजीवर खेळ म्हणून करून घ्या. सासूबाईंना बघायला बसवा, निम्मा विरोध तिथेच मावळेल.

राहिला चकमकीचा सेट. त्यातली काळी कांडी दगड नसते. लोखंड आणि सीरियमसारख्या धातूंचा तो मिश्रधातू आहे, कार्ल आउअर फोन वेल्सबाखने १९०३ मध्ये काढलेला, आणि सिगारेट लायटरमध्ये तोच असतो. खरवडलेले कण हवेत आपोआप पेटतात. गंमत चांगली आहे, पण त्याआधी फुकटातली करा. रात्री दिवे घालवून दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायच्या: आतून पिवळट उजेड आणि जळकट वास. त्या उजेडाने कापूस कधीच पेटणार नाही; तो थंड उजेड आहे, स्फटिक तुटताना निघणारा. तीच गारगोटी जुन्या कानशीच्या कडेवर आपटली की मात्र तांबूस ठिणगी उडते, आणि ती दगडाची नसते, लोखंडाची असते. कठीण दगड पोलादाचा कण तासतो आणि तापलेला कण हवेत जळतो. डोळ्यांना चष्मा हवाच. एखाद्या रविवारी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय दाखवून आणा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या पोटात काय काय दडलेलं असतं तेही कळेल. त्र्यंबकला अरणीमंथन बघायला मिळालं तर तेही बघा. लाकडावर लाकूड घुसळून आग काढायला किती दम लागतो, हे समजल्यावर काडेपेटीचा मान वाढतो.

सेट घ्यायचाच असेल तर मुलांनी शेतावर एका काडीत चूल पेटवली आणि न सांगता विझवली, की घ्या. पैसे ह्यांनी द्यावेत, आणि कांडी व काडेपेटी दोन्ही राहू द्या सासूबाईंच्या कपाटात. मुलांनी मागून न्यायची, वापरून परत आणून द्यायची.